मिरचीचा पदर

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून वर्गातला पंखा बंद. कारण मी. सकाळी पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानात, देठ खुडले, तशीच वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. वर पत्रे, उकडत होतं, कुणीतरी पंखा लावला आणि पुढच्या सगळ्या रांगा खोकायला लागल्या. मॅडमनी खिडक्या उघडायला लावल्या. माझ्याकडे वळून कुणी बघितलं नाही. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

३ डिसें., बुध.
रुग्ण सहायकाचा हा कोर्स सरकारी खर्चानं, बेरोजगारांसाठी. पहाटे उठून मिरचीचे देठ खुडणारी मी बेरोजगार कशी, असं मॅ.ना विचारलं. म्हणाल्या, "कागदोपत्री तुम्ही काहीच करत नाही." बरं झालं, कळलं तरी!
मायला दोन वर्षं अंथरुणावर सांभाळलं. उचलणं, पुसणं, कूस बदलणं. सासर आधीच सुटलेलं. माय श्रावणात गेली. तेव्हापासून हाताला काम आहे, हात लावायला माणूस नाही. पथारीवर बायका असतात, पण सगळ्यांच्या तोंडाला पदर बांधलेला. बोलायला उघडला की ठसका.
कोर्स झाला की दवाखान्यात लावून देतात म्हणे. मला ते काम हवंय. फार हवंय. तिथं खाटेवर माणूस असतो आणि आपण त्याच्याजवळ जायचंच असतं.

५ डिसें., शुक्र.
प्रॅक्टिकल सुरू. दोघींची जोडी, एक पेशंट, एक सहायक. वैशाली वर्गात सगळ्यात लहान, गोड पोरगी. मी तिच्याकडे गेले तर म्हणे, "ताई, राग नका धरू, पन माले दमा शे." राग कसला. दुसऱ्या कुणाला विचारायला गेलेच नाही. मॅ.नी मला प्लास्टिकचा पुतळा दिला. एक पाय निखळलेला. दिवसभर त्याची कूस बदलली. तक्रार नाही, खोकला नाही. फार सोशिक पेशंट.

७ डिसें., रवि.
रनाळ्याहून भावाचा फोन. "जेवाले ये वं. पन आंग धोईसन ये, तुन्ही वहिनीले ठसका लागस." धुऊनच येते रे बाबा, दर वेळी धुऊनच येते. गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. भाकरी आणि ठेचा. मिरचीनं पोट तरी भरतं.

१० डिसें., बुध.
डोळे पुसायला शिकलो. ओला कापूस, नाकाच्या बाजूनं बाहेर, एक बोळा एकदाच वापरायचा. मॅ. सगळ्यांना म्हणाल्या, "कल्पनाताईंचा हात बघा किती हलका आहे." वर्ग माझ्या हाताकडे बघत होता. घरी येईपर्यंत आपलीच आपल्याशी हसत होते. रस्त्यात कुणी पाहिलं असेल तर म्हणालं असेल, डोक्यावर परिणाम झाला.

१५ डिसें., सोम.
आजपासून वर्गाऐवजी रोज दुपारी दवाखान्यात, वॉर्डात. निघताना हाताला तेल चोळलं, मग बेसन, मग साबण. नुसत्या पाण्यानं मिरची जात नाही, उलट भडकते. पथारीवरची कुठलीही बाई सांगेल. वरून हातमोजे.
मला खिडकीजवळची खाट दिली. शहाद्याकडची एक म्हातारी डोकरी, खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा सकाळी डबा ठेवून जातो तो दुसऱ्या दिवशी उगवतो. मला बघून पहिलं वाक्य, "कोनी आंडेर तू?" कुणाची लेक ते सांगितलं, मायचं नाव घेतलं. मग मायचं सगळंच सांगत बसले. शेजारच्या खाटेचा चार्ट भरायचा राहिला, सिस्टर ओरडली. ओरडू दे.

१६ डिसें., मंगळ.
डोकरीची वेणी घातली. केस मूठभरही नाहीत, पण हट्ट वेणीचाच. "मन्हं डोकं कोनी इतलं जपीसन नही इचरं," म्हणाली. आणि माझा हात धरून ठेवला. हातमोज्यावरून का होईना.
घर आज रोजच्यासारखं रिकामं वाटलं नाही.

१७ डिसें., बुध.
काय करून बसले.
पथारीवर ट्रक उशिरा आला, खुडणी लांबली. घरी जायला वेळ नव्हता, तशीच, त्याच साडीत दवाखान्यात. हात नीट धुतले, तेल, बेसन, सगळं. साडीवर ॲप्रन चढवला. हातमोजे घातले.
डोकरीनं अंथरूण ओलं केलं होतं, त्याची लाज वाटून रडत होती. चादर बदलली, तिला कोरडं केलं. रडणं थांबेना. माय अश्शीच रडायची. कापसाचं भांडं समोर ठेवलेलं. माझा हात गेला पदराकडे. ज्या पदरानं सकाळभर तोंड बांधलं होतं, त्याच पदरानं तिचे दोन्ही डोळे पुसले. दाबून, मायेनं.
"डोया जयनात वं मन्हा! डोया जयनात!"
सगळा वॉर्ड उठून बसला. सिस्टरनं मला ढकललं, सलाइनच्या बाटलीनं डोळे धुतले. मी तेल तेल म्हणत होते. डोळ्यात कसलं तेल, मूर्ख बाई. वैशालीनं मला बाहेर नेलं. तिलाही ठसका लागला, तरी नेलं.
पुतळ्याचे डोळे मी किती वेळा पुसले. कधी पदराला हात गेला नाही. पुतळा रडत नाही ना.

१८ डिसें., गुरु.
मॅ.नी बोलावलं. डोकरीच्या मुलानं तक्रार केलीय. नजर शाबूत आहे, सूज उतरायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. देवा.
मॅ. ओरडल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं. "ताई, तुमचा हात चांगला आहे. पण मिरची आणि पेशंट एकत्र नाही चालणार. पथारी सोडा, नाहीतर कोर्स सोडा. सोमवारी सांगा. तोवर वॉर्डात काम करायचं नाही."
त्यांचं बरोबर आहे. पण चूल पथारीवर चालते. आणि दवाखान्यातलं काम कोर्स झाल्यावर, लागलं तर. मुलानं तक्रार केलेल्या बाईला कोण लावणार?

२० डिसें., शनि.
पथारीवर गेले. तोंडाला पदर बांधताना हात थांबला. मुकादम म्हणाला, "काय वं, झोप लागनी का?" शेजारणी हसल्या. मीही हसले. पदरामागं काय, कोण बघतंय.

२१ डिसें., रवि.
न्हाऊन, पेटीतली धुवट साडी नेसून भेटीच्या वेळेला दवाखान्यात गेले. माफी मागायची आणि लगेच निघायचं, एवढंच ठरवलं होतं. मुलगा असता तर बाहेरूनच परतले असते. नव्हता. बाकीच्या खाटांभोवती माणसंच माणसं, केळी, डबे, पोरं. डोकरीजवळ कुणीच नाही. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या.
पावलं ऐकून म्हणाली, "कोन शे?"
"मी शे. कल्पना."
तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग, "मिरचीवाली?"
"हां."
"दूर बठ."
बरोबरच आहे. माफी मागितलीच नाही. मी वळले, दारापर्यंत गेले.
"कोठे जाई ऱ्हायनी? जाऊ नको वं. दूर बठ, पन बठ."
दाराजवळचं स्टूल ओढलं आणि बसले. लोक जाता-येता धक्के देत होते. मध्येच तिनं विचारलं, "शेस ना?" मी म्हटलं, "शे." भेटीची वेळ संपेपर्यंत आमचं बोलणं एवढंच.
उद्या सोमवार. सकाळी पथारीवर जायचं की मॅ.कडे, ठरत नाही. विचारायला घरात कुणी नाही. तिथं स्टुलावर बसल्या बसल्या वाटलं, हिलाच विचारावं. तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही.