शेवटचं कडवं ऐकलेला माणूस

कादराबाद, जालना
डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामांच्या पायांवर भाचा मच्छिंद्र याने डोकं ठेवलं आहे असं समजावं.

तुमची तब्येत कशी आहे? थंडी पडल्यापासून सकाळी तुमची कंबर आणि तुमची जीप, दोन्ही धक्का दिल्याशिवाय सुरू होत नाहीत, असं आई सांगत होती. मामींचा खोकला बसला का? गाडीचा क्लच नवा टाकलात का? पुढच्या सीटचा फाटलेला रेग्झिन शिवलात का? (मागच्या वेळी माझी पँट त्यात अडकली होती. तक्रार नाही, आठवण म्हणून लिहिलं.) इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे जेवतो, झोपतो, गिटार पुसतो. बाकी सगळं बिघडलेलं आहे, आणि ते तुम्हांला सविस्तर कळवणं माझं कर्तव्य आहे, कारण अख्ख्या घनसावंगी तालुक्यात माझं पत्र पूर्ण वाचणारे तुम्ही एकटेच आहात.

दिवाळीत घरी आलो तेव्हा तुमचे दाजी काकासाहेब, म्हणजे माझे वडील, आमचे दादा, ओसरीवर सगळ्यांसमक्ष मला काय म्हणाले ते आईने तुमच्या कानावर घातलंच असेल. तरी मी शब्दशः देतो. ते म्हणाले, "जालन्यात गाणं म्हणतो म्हणतो, तर एक माणूस आणून दाखव मला, ज्यानं तुझं एक तरी गाणं शेवटापत्तर ऐकलंय. बिलकुल एक. मंग मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई तर संक्रांतीनंतर अंकुशनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर बसायचं, मी बोलून ठेवलंय." मामा, ज्या माणसाने कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली आणून घराची फळी वाकवली, त्याने उसाच्या गाड्या मोजाव्यात? पण अट म्हटली की अट. आणि ही अट एवढी सोपी होती, की मला दादांची कीव आली.

तुम्ही विचाराल, हे कंट्री-रॉक म्हणजे आहे तरी काय. दादांनीही विचारलं होतं. मी समजावायला सुरुवात केली तेव्हा ते बैलांना पाणी पाजतो म्हणून उठून गेले. (बैल आपण तीन वर्षांपूर्वी विकले.) तर थोडक्यात सांगतो. तिकडे अमेरिकेत गुरं राखणारे, ट्रक हाकणारे, कापूस वेचणारे लोक गिटार घेऊन आपल्या रस्त्याबद्दल, गावाबद्दल आणि सोडून गेलेल्या बाईबद्दल गातात. त्यात विजेची गिटार आणि ड्रम मिसळले की झालं कंट्री-रॉक. इथल्या एका बियाणे कंपनीत आलेला परदेशी पाहुणा जाताना एक कॅसेट विसरून गेला, ती माझ्या हाती आली आणि माझे डोळे उघडले. कापूस आपल्याकडे आहे. ट्रक आहेत, गुरं आहेत, सोडून गेलेल्या बायाही आहेत. मग कमी काय आहे? फक्त वीज!

जालन्याच्या संगीतविश्वात लग्नात वाजवणारे बँड आहेत, गणपतीत वाजवणारे बँजो आहेत, आणि बाराही महिने त्या दोघांच्या नावाने बोटं मोडणारे तबलामास्तर आहेत. त्यांच्यात मी एकटा स्वतंत्र. स्वतंत्र गायक म्हणजे ज्याच्या पाठीशी कुठली कंपनी नाही आणि समोर कुठला श्रोता नाही. (या वाक्यातला दुसरा अर्धा भाग दादांचा आहे, माझा नव्हे.)

माझं मुख्य गाणं म्हणजे 'फाट्यावरची जीप'. पाच कडवी आहेत. फाट्यावर जीप उभी आहे. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, पण ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी आहे आणि तो गाडी काढत नाही. लोक शिव्या देतात, तो हलत नाही. गेल्या साली याच जीपने माहेरी गेलेली एक बाई परत यायची आहे. चौथ्या कडव्यात गोदावरीच्या बाजूने धुळीतून ती येताना दिसते. आता ती जीपमध्ये बसते, की तशीच पुढे चालत जाते, हे पाचव्या कडव्यात आहे. (ही जीप तुमची आहे असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. मामी ऐकतात.) हे पाचवं कडवं आजवर कोणाही जिवंत माणसाने ऐकलेलं नाही. हॉटेलात गायलो तर तिसऱ्या कडव्याला गिऱ्हाइकाची भजी येतात. गणपतीत गायलो तर दुसऱ्या कडव्याला सिनेमाच्या गाण्याची फर्माईश येते. म्हणून मी ठरवलं की आपला स्वतःचा, स्वतंत्र कार्यक्रम करायचा, लोकांना खुर्च्यांवर बसवायचं आणि पाचवं कडवं ऐकवायचं. मग त्यांतला कोणताही एक माणूस दंडाला धरून दादांपुढे उभा करायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भागचंदजींचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या कानी ही गोष्ट गेली आणि त्यांनी मला गादीवर बोलावून घेतलं. कार्यालय, मांडव, चहा, हँडबिलं, सगळा खर्च ते एकटे करणार. मागे दुकानाचा एक पडदा लावायचा आणि गाण्यात एक छोटासा बदल करायचा, एवढंच. म्हणाले, "मच्छिंद्रभाऊ, ती बाई फाट्यावर येते ना? काहीतरी नेसूनच येत असंल ना? मंग आपल्या दुकानची साडी नेसून आली तर तुमचं काय बिघडलं?"

मामा, माझं रक्त उसळलं. मी तिथेच, गादीवर उभा राहून, कलावंताच्या स्वातंत्र्यावर बोललो. राजदरबारी गाणाऱ्यांपासून सुरुवात केली. कोणकोणत्या कवीने कोणकोणत्या राजाचं मानधन परत पाठवलं ते सांगितलं, जांबेत जन्मलेल्या समर्थांनी कुणाची साडी गायली काय, असा थेट सवाल केला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. वरून तारादेवींनी, म्हणजे भागचंदजींच्या घरच्यांनी, मला दोनदा चहा पाठवला. भागचंदजी शेवटपर्यंत ऐकत होते. मग कापडाचा गज खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, बोलता बहुत छान. गाता कशाला?"

मी त्या क्षणी प्रतिज्ञा केली की कोणा एकाचा पैसा घ्यायचा नाही. मागायचं तर सगळ्यांना थोडंथोडं मागायचं. आणि मामा, जनता किती उदार असते! रामराव हे मंगल कार्यालयाचे मॅनेजर. त्यांनी हॉल दुपारपुरता फुकट दिला. (संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न होतं, तोपर्यंत.) रखमाजी मांडववाल्यांनी खुर्च्या आणि माईक दिला. अण्णासाहेबांनी जनरेटर दिला आणि त्याच्यासोबत अध्यक्ष म्हणून ते स्वतः आले. कुणी साखर दिली, कुणी दूध, कुणी स्टेजवरची सतरंजी, कुणी घड्याळ. गर्वाने सांगतो, माझ्या कार्यक्रमाला एकही मालक नव्हता.

आता आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊक आहे. ज्याने दिलं त्याला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ द्यायचं, नाही तर तो मरेपर्यंत बोलत नाही. भागचंदजी एकटे असते तर एक शाल आणि एक नारळ यांत काम आटोपलं असतं. मी स्वतंत्र असल्यामुळे दीड-दोन डझन शाली लागल्या. त्या आणायच्या कुठून? ठोक शाली आमच्या भागात एकाच दुकानात मिळतात. भागचंदजींनी हसत हसत गठ्ठा काढून दिला आणि पैसे घ्यायला बिलकुल नकार दिला. मग तेही देणारे झाले आणि त्यांचाही सत्कार करणं आलं. अण्णासाहेबांच्या हस्ते त्यांच्या खांद्यावर त्यांचीच शाल पडली. त्यांनी ती दोन बोटांनी चाचपली आणि माझ्या कानात म्हणाले, "माल चांगला आहे."

प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे ही त्याच रीतीची दुसरी बाजू. दूध देणारे म्हशीबद्दल बोलले, आणि खरं सांगतो, चांगलं बोलले. सतरंजीवाले बोलता बोलता गहिवरले. रखमाजींचा भाऊ खुर्च्या वाहून दमला होता, त्याचं नाव राहिलं म्हणून तो पडद्यामागे रुसून बसला. "आमी काय हमाल हाव का? हाव, पण मंग तसं नाव घेऊन सांगा की!" असा त्याचा मुद्दा होता. मुद्दा मला पटला, त्याला घेतलं. तेवढ्यात शाली संपल्या. रामरावांनी पहिल्या रांगेतल्या मानकऱ्यांच्या अंगावरच्या दोन-तीन उचलून आणल्या, त्यांनीही समजून घेतलं. रखमाजींना वाटलं, वाद्याचाही मान राहायला पाहिजे. त्यांनी माझ्या गिटारला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार नेमका तारांच्या खुंट्यांना करकचून बांधला.

शेवटी माझा सत्कार झाला. सत्काराला उत्तर दिलं नाही तर अध्यक्षांचा अपमान होतो, म्हणून मी उभा राहिलो. मामा, त्या सत्कारांनी माझा जीव इतका जळला होता, की मी त्याच विषयाला हात घातला. सत्काराच्या या रोगाने आपल्या समाजात कलेचा वेळ कसा खाल्ला जातो, हे मी मुळापासून मांडलं. ग्रीसमधल्या नाटकांपासून आलो, निजामाच्या काळातून गेलो, आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांना झोडपून काढलं. टाळ्या म्हणजे काय विचारू नका! अण्णासाहेबांनी दोनदा माझा हात हातात घेतला. (दुसऱ्यांदा ते मला खाली बसवत होते असं रामराव म्हणतात. रामरावांना माणसाची पारख नाही.) मी बोलायला उभा राहिलो तेव्हा खिडकीत ऊन होतं. समारोप केला तेव्हा बाहेर लग्नाची रोषणाई लागली होती. सत्कारांनी एवढा वेळ खाल्ला!

तरी मी गिटार उचलली. हारामुळे तारा उतरल्या होत्या, पण कंट्री-रॉकला थोडी उतरलेली तार शोभते. पहिल्या कडव्याला वाढपी पत्रावळींचे गठ्ठे घेऊन आत आले. दुसऱ्या कडव्याला आमचे श्रोते पंगत बसतेय असं समजून खुर्च्या सरकवू लागले. तिसऱ्या कडव्याला वऱ्हाड आलं आणि मला लग्नाचा ऑर्केस्ट्रा समजून नवऱ्याच्या मामाने नागाच्या नाचाची धून मागितली. मी डोळे मिटले आणि चौथं कडवं सुरू केलं. फाट्यावर धूळ उठली, धुळीतून ती बाई आली, आणि माईक बंद पडला. भटजींना मंगलाष्टकांसाठी तो हवा होता.

मी गिटार घेऊन खाली उतरलो, तर वऱ्हाडातली एक म्हातारी, गिरिजाबाई असं तिला कुणी हाक मारत होतं, हातात पाण्याचा तांब्या घेऊन माझी वाट अडवून उभी. म्हणाली, "मंग रे बाबा? बसली का ती जीपमधी?"

मामा, माझ्या अंगावर काटा आला. हाच तो माणूस! हिलाच उचलून दादांपुढे न्यायचं! पाचवं कडवं काय, चार ओळींचं. पण ती बाई बसते की नाही हे समजायला ती आधी का गेली ते समजलं पाहिजे, आणि त्याला आपल्याकडच्या स्त्रीची परिस्थिती माहीत असली पाहिजे. तेवढी पार्श्वभूमी मी तिला देऊ लागलो. मी कूळकायद्यापर्यंत आलो होतो, तोवर ती पहिल्या पंगतीला बसलीसुद्धा होती. जाताना म्हणाली, "न्हाई सांगायचं तर नको सांगू बापा." आता हे अधीर लोक आणि हा काळ! कलेने जगावं तरी कसं?

तरीही मी खचलेलो नाही हे तुम्ही आईला सांगा. माझी तत्त्वं शाबूत आहेत. मला कोणाकडून काहीही नको.

मामींना नमस्कार, धाकट्यांना गालगुच्चे, जीपला पाणी.

तुमचा भाचा,
मच्छिंद्र

ता. क. या पत्रासोबत एक कॅसेट पाठवतो आहे. तुमच्या जीपमध्ये टेप आहे. मी पुष्कळ विचार केला आणि असं दिसलं, की मराठवाड्यात मला तुमच्या जीपहून चांगलं सभागृह मिळणार नाही. तिथे माणसाला उठता येत नाही, वळता येत नाही, हात मोकळा नसल्यामुळे कोणाला शाल घालता येत नाही, आणि दोन शब्द बोलायला छातीत हवा मावत नाही. तर रोज कॅसेट लावावी, आणि त्या बाईचं शेवटी काय झालं हे सांगू शकेल असा एक पॅसेंजर संक्रांतीच्या आत दादांपुढे नेऊन उभा करावा. तुम्ही स्वतः चालणार नाही. मेहुण्याची साक्ष धरणार नाही असं दादांनी आधीच बजावलं आहे.

ता. क. दुसरं. कॅसेट पूर्णपणे स्वतंत्र आहे. डबीवर भागचंदजींच्या दुकानाचा पत्ता दिसेल, तो कागद त्यांच्याकडचा असल्यामुळे. चौथ्या कडव्यात साडीचं जे थोडं वर्णन आलं आहे, ती कथेची गरज होती.

ता. क. तिसरं. गाण्याच्या आधी माझं एक छोटंसं प्रास्ताविक आहे. त्याने पहिली बाजू भरली. घनसावंगीहून निघताना टेप लावलीत तर अंबड येईपर्यंत ते संपतं, मग बाजू पलटावी म्हणजे गाणं लागेल. अंबडला निम्मी जीप उतरते हे मला ठाऊक आहे. तेव्हा अंबडला गाडी थांबवू नका, सरळ जालन्याच्या रस्त्याला काढा. लोक ओरडतील. ओरडू द्या. गाण्यातली जीप त्या बाईसाठी थांबली होती, तुमची एका भाच्यासाठी नाही थांबली, तर तुमचं काय बिघडलं?