टाकीतले जीव

मंगळवार संध्याकाळ, रेवदंडा

सकाळी मासळी कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीतला थेंब नेहमीसारखा मायक्रोस्कोपखाली ठेवला, आणि काहीच हललं नाही. देठावरच्या घंटेसारखे ते इवलेसे प्राणी पाण्यातले बॅक्टेरिया खातात, म्हणून तर आमचं पाणी खाडीत सोडता येतं. सगळे मेलेले. मीच नीट बघितलं नाही का? दुसरा थेंब घेतला. तोही तसाच, निश्चल.

टाकी सांभाळणारे दत्ताकाका म्हणाले, "ताई, लय वास येत व्हता. काल दोन गोणी ब्लीचिंग पावडर टाकली."

मी धावत जाऊन खाडीकडचा व्हॉल्व्ह बंद केला. मग काकांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं.

"म्हंजे पाणी मशीन साफ करत न्हाय?"

"नाही काका. हे जीव करायचे."

"मना कुनी सांगितलाच न्हाय."

खरंच की. इतकी वर्षं मी रोज बघतेय, त्यांना एकदाही बोलावलं नाही.

उद्या मुरुडहून जिवंत गाळाचा, म्हणजे असेच जीव असलेल्या गाळाचा, टँकर येईल. तोवर कारखाना बंद. चूक कोणाची, साहेबांनी विचारलं. मी माझं नाव सांगितलं. खोटं बोलले असं अजून वाटत नाहीये.