मोठ्या बाईसाहेबांचं वाक्य

दि. ४ मार्च

चि. बाब्या यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक दम.

आशीर्वाद वयाच्या मानानं. दम अशासाठी, की परवा फोनवर तू कुणाच्या तरी गाडीच्या क्लचला उद्देशून जे बोललास ते इकडे स्पीकरवर होतं, आणि समोर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई चहा पीत होत्या. कप तसाच ठेवून गेल्या बिचाऱ्या. तेव्हा यापुढे तुझ्याशी बोलणं पत्रानं. शिव्या लिहून काढायच्या म्हटलं की तुझा हात दुखेल, एवढीच आशा.

आता मुद्द्याचं. आमच्या सूनबाई तुझ्या गावात आल्या आहेत. तिच्या कंपनीला तिथल्या नव्या इमारतींच्या लिफ्ट तपासायला दोन महिने माणूस हवा होता, आणि हिनं आपणहून हात वर केला. जाताना नमस्कार केला, औषधं कुठे ठेवलीत ते सांगितलं, सगळं रीतसर. पण चेहरा असा, की भाड्याची खोली सोडून चालली आहे. फोन केला तर हो आई, नाही आई, ठेवते आई. मी तिचं काय घोडं मारलंय ते मला कळत नाही. मी काहीसुद्धा बोललेले नाही. चिरंजीवांना विचारावं तर ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. दातांचा डॉक्टर! दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणतो आणि घरी स्वतःचं उघडत नाही.

घर अगदी खायला उठतं रे. ती संध्याकाळी हाताला ग्रीस लावून यायची आणि कोण कुठल्या मजल्यांच्या मध्ये अडकलं, आत काय काय नवस बोलले, ते सगळं नकलेसकट सांगायची. आता मी लागोपाठ चार मालिका बघते. तेवढाच घरात माणसांचा आवाज.

तिला भेट. काय बिनसलं ते हळूच काढून घे. ती परत येणार आहे की नाही, एवढं मला कळू दे. आणि तिच्यासमोर तरी तुझ्या जिभेला हाड असल्याचं सोंग कर.

लोभ आहेच. इतकं ऐकूनही टिकलाय म्हणजे चांगला चिवट असणार.

तुझी अक्का


दि. ११ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विनंती विशेष म्हणजे तुझा भाऊ सुधारला आणि गॅरेज बसलं. सूनबाई येणार म्हणून मी सोमवारपासून तोंडाला कुलूप घातलं. एक गंजका नट निघेना, तेव्हा मी नुसतं अरेरे म्हणालो. सगळ्या गॅरेजनं हातातले पाने खाली ठेवले. हेडमिस्त्री जवळ येऊन हळूच विचारतो, शेठ, डॉक्टरांनी काही सांगितलंय का. दुपारी एक जुनं गिऱ्हाईक गाडी न देताच परत गेलं. मी त्याला या, बसा म्हणालो, तर त्याला वाटलं बिल वाढवणार.

सूनबाई आली. आमचा गाडी उचलायचा जॅक महिनाभर रुसला होता, तो तिनं बोलता बोलता चालू केला. मग निकामी गाडीतून काढलेल्या सीटवर बसून चहा प्यायली. म्हणाली, मामा, तुम्ही कशाला घुसमटताय, तुमच्या शिव्या नटाला असतात हे न कळायला मी काय नट आहे? मला ती पोरगी आवडते, अक्का.

मी आडवळणानं विचारणार होतो. पण आडवळण मला कुठलं जमायला? सरळच विचारलं. तिनं कप विसळून ठेवला आणि मग सांगितलं. एका संध्याकाळी ती उशिरा आली, एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले होते म्हणून. तू टीव्हीसमोर होतीस. तू मान वळवलीस, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलंस, मध्ये थांबलीस आणि म्हणालीस, की जिला स्वतःचं घर कधी मिळालं नाही, ती दुसऱ्याचं घर काय टिकवणार!

अक्का, तिच्या आईबापांनी फारकत घेतली तेव्हा ती दुसरीत होती. पुढची सगळी वर्षं वसतिगृहात. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आयुष्यभर मी तोंडाचा घाणेरडा म्हणून तू मला झापत आलीस. पण माझ्या तोंडून असलं कधी गेलेलं नाही. तू खरंच असं म्हणालीस का?

आशीर्वाद ठेव. उत्तर धाड. न शिवी देणारा, आणि त्यामुळे पोट बिघडलेला,

बाब्या


दि. १७ मार्च

चि. बाब्या यास,
अ. आ.

मुळीच नाही! असलं वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नाही. पस्तीस वर्षं हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळला मी, कुणाचं मन मोडेल असा शब्द बोलले नाही. ती दमलेली असेल, काहीतरी वेगळंच ऐकलं असेल. टिकवणार काय आणि मिळालं काय, ही माझी भाषा तरी आहे का? मी अशी वाक्यं जुळवत बोलते का? तिला सांग, नीट आठव म्हणावं.

हे पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडून खाली लिहिते आहे. साडेआठच्या मालिकेचे जुने भाग दुपारी परत दाखवतात. त्यातल्या मोठ्या बाईसाहेब, त्या हिऱ्यांच्या कुड्या घालून झोपतात त्या, आज जिन्यावर उभ्या राहिल्या. मान वळवली. सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मध्ये थांबल्या, तेवढ्यात ढगांचा गडगडाट झाला. आणि म्हणाल्या. अगदी तेच, शब्द न् शब्द. आणि बाब्या, पुढचा शब्द त्यांच्याआधी माझ्या ओठांवर आला रे. मी टीव्ही बंद केला आणि तशीच बसून राहिले. मी बोलले असणार. मला आठवत नाही, हे तर आणखी वाईट.

सोबत माफीची चिठ्ठी ठेवली आहे. तिच्या हातात दे. दोन शब्द तूही घाल, पण चांगले.

तुझी अक्का


दि. २२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी परत पाठवतो आहे. ही तिला दिली असती तर ती दोन महिन्यांची दोन वर्षं करून बसली असती. तू लिहितेस, माझ्या डोळ्यांवर अहंकाराची पट्टी होती. अक्का, तुझ्या डोळ्यांवर चष्मा आहे. लिहितेस, हे घर तुझ्या पावलांच्या आवाजाला आसुसलंय. तिचे बूट वाजतात म्हणून तूच तिला दाराबाहेर काढायला लावायचीस. आणि शेवटी, या अभागी सासूला पदरात घे! कुणाचा पदर? ती पोरगी पँट घालते. गुन्हाही मोठ्या बाईसाहेबांचा आणि माफीही त्यांचीच. मग तू यात आहेस कुठे?

तुला हसायचा मला अधिकार नाही, कारण माझीही तीच गत. आमच्या हेडमिस्त्रीनं काल एक मेलेलं इंजिन उठवलं. पूर्वी मी त्याच्या पाठीत थाप मारून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि त्याला कळलं असतं. काल शिवी वजा केली तर हातात काही उरेचना. उभा राहिलो खांबासारखा. शेवटी म्हणालो, छान केलंस, तुझ्यामुळे गॅरेज चालतं. त्यानं मान खाली घालून हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. वीस वर्षांत त्याला हे ऐकायला मिळालं नव्हतं. मला लाज वाटली, खरं सांगतो.

वॉर्डात तू पेशंटना काय सांगायचीस? दुखणार आहे, थोडा वेळ दुखेल, माझा हात धरा. तशा भाषेत लिही. टीव्ही बंद ठेवून लिही. आणि माझ्यामार्फत नको, तिलाच लिही.

राग मानू नकोस. मानलास तर शिवी दे, मी बऱ्याच दिवसांत ऐकलेली नाही.

बाब्या


दि. २७ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. आ.

मामानं सगळं सांगितलं. मी त्या संध्याकाळी तुला जे बोलले ते अगदी चुकीचं होतं. पण एक गोष्ट तुला कळावी म्हणून लिहिते. ते वाक्य माझं नव्हतं. ते मालिकेतलं आहे, मी स्वतः पुन्हा ऐकलं. रोज कानावर पडून पडून ते माझ्या तोंडात बसलं होतं आणि भलत्या वेळी बाहेर पडलं. आता मी चारही मालिका सोडल्या आहेत. पहिले दोन दिवस कुणी कुणाला विष घातलं याची फार काळजी वाटली, आता बरी आहे. तेव्हा जे माझं नव्हतंच ते मनात धरून बसू नकोस. कधी येतेस ते कळव.

तुझ्यावर लोभ होता आणि आहे, तोंडाचं काय सांगावं.

आई


दि. १ एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. मालिका सोडल्यात म्हणून अभिनंदन. विषाचं सांगते, काळजी करू नका, पेले बदलले गेले आणि ते थोरल्या जावयाला चढलं.

यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल, ती मालिका मीही बघते. लिफ्टचं काम सुरू असताना पार्ट यायची वाट बघत जिन्यात बसावं लागतं, तेव्हा मोबाइलवर बघते. म्हणजे ते वाक्य कुणाचं आहे हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पहिल्या अर्ध्या वाक्याला तर मी हसणार होते. मला वाटलं, आई नक्कल करताहेत.

पण आई, ती नटी ते वाक्य म्हणते तेव्हा पाठ केलेलं वाटतं. तुम्ही म्हणालात तेव्हा तसं वाटलं नाही. तिच्यापेक्षा फार चांगलं म्हणालात. म्हणून मला हसता आलं नाही, आणि म्हणून मी निघाले. वाक्य उसनं होतं हे मान्य. पण दुकानात हजार वाक्यं असताना तुम्ही नेमकं तेच का उचललंत, एवढं मला सांगा. खोटं सांगणार असाल तर नका सांगू, मी आपली हो आई, नाही आई करत राहीन. ते मला वसतिगृहापासून चांगलं जमतं.

तब्येतीला जपा. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

सून


दि. ६ एप्रिल

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

चार पानं फाडली. हे पाचवं.

तुझं बरोबर आहे. तुझं पत्र वाचता वाचता मला सगळं आठवलं. ते वाक्य त्या संध्याकाळी मला माझं वाटलं. मी तुला दुखवायलाच ते बोलले. तुला घर नव्हतं हे मला माहीत होतं, म्हणून ते कुठे लागेल हेही माहीत होतं. जन्मभर नर्स होते मी, सुई कुठे टोचली की सगळ्यात जास्त दुखतं ते मला विचारून घ्यावं.

का, तेही सांगते. त्या दिवशी मालिका सुरू व्हायच्या जरा आधी चिरंजीव म्हणाला, की तुम्ही दोघं तुझ्या ऑफिसजवळ घर बघताय. तेवढं ऐकलं. मला म्हणायचं होतं, मला एकटीला टाकून जाऊ नका गं. ते तोंडातून निघेना. इतक्या म्हाताऱ्या बाईनं असं म्हणायचं म्हणजे काय! मोठ्या बाईसाहेबांचं वाक्य मात्र तयार होतं, ते पटकन निघालं. मला भीती वाटली होती, आणि ती लपवायला मी तुला मारलं. चुकले. याला दुसरा शब्द नाही.

घर बघितलं असेल तर खुशाल घ्या. मी अडवणार नाही. अधूनमधून येत जा, आणि लिफ्टमध्ये कोण अडकलं ते सांगत जा. ते मला कुठल्याच मालिकेत मिळत नाही.

आई


दि. १० एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र जिन्यात बसून वाचलं. पार्ट येऊन पडला होता, तरी तशीच बसले होते.

मग तुमच्या चिरंजीवांना फोन लावला आणि मामांकडून शिकलेले तीन शब्द वापरले. त्यांनी कबूल केलं. त्या दिवशी ते तुम्हाला सांगायला बसले होते. घर बघतोय एवढं बोलून झालं आणि मालिकेचं गाणं लागलं. तुम्ही त्यांना हातानं गप्प केलंत, म्हणालात, उरलेलं जाहिरातीत सांग. आणि त्या दिवशी, आई, जाहिरातीत त्यांना पेशंटचा फोन आला. रात्री मला म्हणाले, आईला सांगून टाकलं. मला वाटलं, तुम्ही सगळं ऐकलंत आणि ऐकून मला तसं बोललात. म्हणून ते इतकं लागलं.

उरलेलं आता मी सांगते. घर तीन खोल्यांचं आहे. तिसरी खोली तुमची. तिला सकाळचं ऊन येतं, म्हणून तेच घर धरून ठेवलंय. गुडघे दुखतात तुमचे, आणि त्या इमारतीची लिफ्ट मी स्वतः तपासली आहे.

शनिवारी येते. राग अजून थोडा आहे, लोभही आहे. दोन्ही बरोबर आणते.

तुमची सून