टायरातलं घरटं

रविवार, दिवेलागण

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मालक बांधकाम सुरू करेपर्यंत पोरांनी खेळावं, पाखरांनी राहावं, हे माझंच डोकं. चिमण्यांसाठी धानाच्या लोंब्या टांगल्या, पोरांसाठी टायरचा झोका. मग त्याच टायरात दयाळ पक्ष्यानं घरटं केलं.

"आजी, झोका बंद काऊन केला?" समोरची पिंकी रोज विचारायची. एकदा मी खेकसलेच, "पिल्लं उडतवरी इकडे फिरकायचं नाही!"

पोरं खरंच फिरकली नाहीत.

आज पिल्लं उडाली. धावत जाऊन पिंकीला सांगितलं, तर म्हणते, "आम्ही आता शाळेमागं खेळून राहिलो."

एवढं ओरडायची काय गरज होती मला?

टायरातलं रिकामं घरटं काढलं आणि मीच बसले. धक्का द्यायला मागे कोणी नाही.