आईचा जलोदर

लोणावळा,
१० नोव्हेंबर

ती. दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची आपल्या घरची पद्धत. पण पोटावरची टाक्यांची रेघ अजून नीट वाकू देत नाही, तेव्हा हा उभ्यानेच केलेला नमस्कार समज.

शनिवारी माझ्या रक्ताच्या तपासणीचा निकाल आला. पुण्याच्या डॉक्टर साबणेबाईंनी तो मला समोर बसवून वाचून दाखवला, आणि मी म्हटल्यावर पुन्हा एकदा वाचला. माझ्या अंडाशयाचा कॅन्सर असाच कुठून तरी आलेला नाही. एका जनुकात बिघाड आहे, आणि तो जन्मापासून माझ्या रक्तात आहे. बाईंच्या मते तो आईकडून आला. आई-बापांपैकी एकात तो असला, तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. मुलाला तेवढीच, जेवढी मुलीला. मला आला. तुला आला की नाही, हे तुझं रक्त तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. आणि तुझ्यात असेल, तर तुझ्या लेकीत, आपल्या इरावतीतही असण्याची शक्यता निम्मी.

हे फोनवर सांगणार होते. पण विषय इकडे वळला की तुझ्या तळेगावात नेटवर्क जातं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तराऐवजी सुप्रभात येतं. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडंतिकडं आहे ते रागामुळे नाही. केमोनं बोटांना मुंग्या आल्या त्या अजून गेलेल्या नाहीत. ब्लाऊजची बटणं लावायला मला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो.

बाकी मी ठीक. शेवटची केमो ऑगस्टअखेर झाली. जिभेवरची पितळी चव गेली, आता आमटीत मीठ कमी पडलं तर कळतं. डोक्यावर बोटभर केस आलेत, पांढरे आणि कुरळे. जुने सरळ होते, हे कुणाचे आहेत कोण जाणे. मागच्या आठवड्यापासून कामशेतला पतसंस्थेत अर्धा दिवस जाते. तिथं मी तुम्ही सांगितलं तेच सांगते, पिशवीचं ऑपरेशन झालं. मग केस कसे गेले, असं एकीनं विचारलं, तर वहिनींनी पढवल्याप्रमाणे म्हटलं, टायफॉइड झाला होता. पिशवी काढल्यावर टायफॉइड झालेली मी कामशेतातली पहिलीच बाई असेन. सगळ्याजणी मान डोलावतात. पिशवी काढली की बाई मोकळी होते, म्हणतात. त्यांच्या डब्यातलं मला वाढतात, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलते.

आसावरीवहिनी दवाखान्यात भेटायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "तसंही ताई, तुम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे काही अडलं नाही." त्यांच्या मनात वाईट नसावं. मी हसले. केमोनं तोंड सुकलं की हसायला जरा वेळ लागतो, एवढंच.

इरावतीच्या साखरपुड्याला मला बोलावलं नाहीत त्याबद्दल काही लिहिणार नव्हते. तळेगावपर्यंतचा प्रवास तुला झेपणार नाही, असं तू म्हणालास. त्याच आठवड्यात मी एकटी पुण्याला जाऊन सुई टोचून घेऊन परत आले होते, तळेगावावरूनच. असो. मुलाकडच्यांना माझं डोकं दिसलं असतं, हे मला कळतं.

आता जानेवारीबद्दल.

साबणेबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरात कुणाला कॅन्सर झालाय का? मी म्हटलं, नाही. आई कशानं गेली? जलोदरानं. बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. पोटात पाणी कशामुळे झालं होतं, असं विचारलं. ते मला माहीत नव्हतं. जलोदर म्हणजे जलोदर, एवढंच मी आयुष्यभर समजत आले. मी बाहेर जिन्यात उभं राहून तुला फोन लावला. तुला आठवत असेल. त्या दिवशी नेटवर्क चांगलं होतं. तू जराही अडखळला नाहीस. म्हणालास, "लिव्हर खराब झालं होतं तिचं. कावीळ अंगावर काढली होती." मी आत जाऊन ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि बाईंनी लिहून घेतलं. मग ही रक्ताची तपासणी मागे पडली. महाग होती. घरात कुणाला नाही म्हटल्यावर मीच म्हटलं, आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू.

पितृपक्षात आपल्या भाजे गावाहून भामामावशी आली. आई शेवटी पुण्याच्या दवाखान्यात होती तेव्हा दोनच माणसं तिच्याजवळ असायची, तू आणि ही आपली शेजारीण. मला तुम्ही परीक्षा म्हणून घरी ठेवलं होतं. मावशी आता खूप थकली आहे, पण घरच्या तांदळाची पिशवी घेऊन जिना चढून आली. माझ्या डोक्याकडे पाहिलं, पण टायफॉइडचं काही विचारलं नाही. चहा पिता पिता म्हणाली, "तुज्या आईचंबी असंच झालं व्हतं गं. पोट तटतटलं, जेवान जाईना."

मी म्हटलं, "तिला जलोदर होता, मावशी."

तिनं कप खाली ठेवला. "जलोदर म्हनायचं ठरलं व्हतं. डाक्टरनं तुज्या दादाला गाठ सांगितली तवा मी तितंच बाकड्यावर बसल्याले. गंगाधरनं मला आन घातली. आता तुलाबी त्येच झालंय, मंग आन पाळू कुनासाठी?"

मी तिला विचारलं, गाठ कुठली? तिनं हात आपल्या ओटीपोटावर ठेवला. मग बराच वेळ आम्ही दोघी तांदळाबद्दल बोललो. यंदा इंद्रायणीला पावसानं कसं आडवं केलं, ते.

दादा, आई गेली तेव्हा तू पंचविशीत होतास, मी बावीसची. बाबा आधीच गेलेले. शिरूरचं स्थळ माझ्यासाठी ठरत आलं होतं. आई कॅन्सरनं गेली असं कानावर गेलं असतं तर त्यांनी फिरवलं असतं. म्हणून तू एक बरा शब्द शोधलास आणि सगळ्या भावकीच्या तोंडी बसवलास. हे तू माझ्यासाठी केलंस हे मला मान्य आहे. त्या स्थळानं पुढे मूल होत नाही म्हणून मला चौथ्या वर्षी परत पाठवलं, यात तुझा दोष नाही. त्या वेळचं खोटं मी तुझ्या नावावर मांडत नाही.

जानेवारीतलं मांडते. तेव्हा मला कुणाला द्यायचं नव्हतं. मी एकावन्न वर्षांची होते आणि पोटात पाणी भरलेलं होतं.

त्याआधी वर्षभर माझं पोट फुगत होतं. मी ओवा चघळत होते. इथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, संध्याकाळी चालायला सांगितलं, मी भुशी धरणाच्या रस्त्यानं चालले. आईचं खरं ठाऊक असतं तर त्याच महिन्यात सोनोग्राफी केली असती. साबणेबाईंना मी विचारलं, आधी कळलं असतं तर काय फरक पडला असता? त्या म्हणाल्या, त्याचा आता विचार करू नका. म्हणजे मला उत्तर मिळालं. कॅन्सर परत येण्याची शक्यता बरीच आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. त्या कुणाच्या भावकीतल्या नाहीत.

भाऊबिजेला तू आणि वहिनी आलात तेव्हा मला मावशीचं सगळं ठाऊक होतं आणि रक्त तपासायला गेलेलं होतं. मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी ठेवलीस. मी म्हटलं, साडी राहू दे, ओवाळणीत मला नळीभर रक्त दे. तुम्ही दोघं हसलात. मग मी बसवून सांगितलं, माझा निकाल वाईट आला तर तुला तपासावं लागेल, इरावतीसाठी. त्यावर तू म्हणालास ते मी विसरणार नाही.

"बायकांचा आजार तो. बायकांकडून बायकांना जातो. मला काय पिशवी आहे?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले असते, विनोद वाईट नव्हता. पण तुला खरंच तसं वाटतं, हे माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं तू ही गोष्ट पोटात ठेवलीस, आणि ती तुझ्यामार्फत पुढे जाऊ शकते हे तुला एकदाही सुचलं नाही. मुलगी आईवर गेली, असं तू नेहमी कौतुकानं म्हणतोस. इरावतीचं नाक आपल्या आईचं आहे, दादा. ते वहिनींच्या माहेरून आलेलं नाही.

मी तुला तेव्हा एक वाट ठेवली होती. मावशीचं नाव न घेता विचारलं, "आईला नक्की काय होतं रे?" तू चकली मोडत म्हणालास, "जलोदर. किती वेळा सांगू?"

निघताना चपला घालताना तू हळूच म्हणालास, "लग्न होऊन जाऊ दे. मग तिच्या घरचे बघतील." म्हणजे रुखवतात हेही मांडायचं, वरून रुमाल झाकून. तिच्या वरदनं आणि त्याच्या घरच्यांनी कधीतरी रुमाल उचलायचा आणि तेव्हा तू म्हणायचं, आम्हाला काही कल्पना नव्हती. शिरूरच्यांनाही तू असंच झाकून दिलं होतंस. फक्त त्यांनी रुमाल उचलण्याआधीच परत केलं.

साबणेबाई काय म्हणतात ते नीट वाच. इरावतीत हा बिघाड असला तरी आज तिला काही झालेलं नाही. आज काही कापायचं नाही, औषध नाही. ठरलेल्या तपासण्या करायच्या, मुलं हवी असतील तर फार उशीर करायचा नाही, आणि पस्तिशी उलटली की अंडाशय काढायचे का ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. एवढंच. तिच्याकडे वेळ आहे. आणि तुझं रक्त साफ निघालं तर तिला यातलं काहीच करायला नको. तुझ्या एका नळीनं एवढं होतं. तुलाही तपासून घ्यायलाच हवं, कारण पुरुषालाही यातून धोका असतो, पण त्यासाठी तू करणार नाहीस हे मला माहीत आहे.

वरदला काय सांगायचं, लग्नाआधी की नंतर, हे तिनं ठरवावं. तू नाही आणि मीही नाही. ती पंचवीस वर्षांची आहे. हिंजवडीत दहा माणसं तिच्या हाताखाली काम करतात. तिला एक वाक्य झेपेल.

तिनं परवा आपण होऊन फोन केला. म्हणाली, "आत्या, साखरपुड्याला तू नव्हतीस, त्याचं मी बाबांशी भांडलेय. रविवारी केळवणाला तुझ्याकडे येतेय. एकटी. गोड काही नको, पिठलं-भाकरी कर." माझ्या डोक्यावरचे नवे केस बघायचे आहेत म्हणाली. म्हणजे टायफॉइड तिनंही मानलेला नाही. तुझ्या घरात तीच एक आहे जिला खोटं ऐकू येतं.

मी काय करणार आहे ते सांगते, म्हणजे मागून केलं असं होणार नाही. येत्या शनिवारी सकाळी तपासणीवाल्यांचा माणूस तुझ्याकडे येईल. मी तुझा पत्ता देऊन ठेवला आहे. तू दार उघडलंस आणि हात पुढे केलास, तर रविवारी तूही इथं ये. आपण दोघं तिला सांगू की आत्याला काय झालं, आजीला काय झालं होतं, आणि बाबांनी रक्त दिलंय, निकाल लग्नाच्या सुमाराला येईल. बोलायचं तू, मी पानं वाढेन. दार उघडलं नाहीस, तर मी एकटी सांगेन. मग कुणाला कधीपासून माहीत होतं, हेही सांगावं लागेल, कारण ती विचारेलच. सोमवारी सकाळची साबणेबाईंची वेळ तिच्यासाठी घेऊन ठेवली आहे. तू आलास तरी, नाही आलास तरी, ती वेळ कायम आहे.

तिचं बारसं आठवतं? मी नुकतीच शिरूरहून परत आलेले. सोडून दिलेल्या बाईनं नाव ठेवू नये, असं वहिनींच्या माहेरचं कुणीतरी कुजबुजलं. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "आत्या असताना दुसरं कोण ठेवणार?" मला पाळण्याशी नेलंस. मी तिच्या कानात इरावती म्हटलं आणि मागून पाठीत धपाटे बसले. तो दादा मला ओळखीचा होता. त्याच्यासाठी मी बरीच वर्षं बरंच ऐकून घेतलं.

रविवारीही तिच्या कानात एक नाव सांगायचं आहे. या वेळी पाठीत कुणाचे बसतील, ते बसोत.

वहिनींना नमस्कार सांगू नकोस, हे पत्रच दाखव.

इरावतीची आत्या,
रजनी