ताईची स्कूटर मावेल अशी गाडी

ताई,

भाड्याची गाडी आली, पण डिकीत तुझी ती व्हीलचेअरवजा स्कूटर मावेना. सीट काढली, हँडल दुमडलं, तरी चार बोटं बाहेरच. माप न घेता बुक केली, चूक माझीच. मोठी गाडी आणायला गेलोय.

"मग मी राहते घरी" म्हणालीस, ते स्कूटरमुळे नाही, हे कळतं मला. तुझे पाय गेले त्या अपघातात गाडी मीच चालवत होतो. तेव्हापासून तू माझ्या गाडीत बसलेली नाहीस.

पोरी रडतायत, आत्या नाही तर थीम पार्कही नको म्हणतायत. हात जोडतो, भरलेली बॅग उपसू नकोस. या वेळी ड्रायव्हर सांगितलाय. मी मागे तुझ्याशेजारी बसेन.

— धाकटा