बिस्मिल्लाबीचा वाडगा

अहो वक्ते महाशय,

मी शेजारी बिस्मिल्लाबीकडे ईदेला गेले आहे. जेवूनच येईन.

दर ईदेला ती बिचारी तुमचं सोवळं सांभाळून कोरड्या शेवया नि साखर पाठवायची. परवा वाचनालयात तुम्ही ‘जगातले सण’ या विषयावर घसा ताणलात, सगळ्या सणांचं ताट एकच म्हणालात, आणि भोंग्यावरून ऐकून तिनं ते खरं मानलं. आज शिरखुर्मा शिजवून आणला. “वकीलसाहेबांनीच सांगतलं ना, मंग कोरडं कायले आणू?” म्हणाली. तुम्ही हसत हसत घेतलात आणि ती वळताच मागच्या दारी गाईपुढे ओतलात. गाईनं बरं कूळ विचारलं नाही!

वर तिचा वाडगा रिकामाच धाडलात. या घरातून शेजारचं भांडं आजवर कधी रिकामं गेलं नव्हतं. उद्याच्या संक्रांतीचे लाडू झालेत, ते सगळे मी तिच्याकडे नेले आहेत.

तिच्या ताटात जेवल्यावर माझ्या हातचं शिजलेलं तुम्हाला चालायचं नाही. म्हणून ओट्यावर डाळ, तांदूळ आणि मीठ काढून ठेवलं आहे. कोरडंच.

शुभदा